लिनमथची लाइफबोट: समुद्रात जायच्या आधी घाट चढलेली बोट

हे खरं तर आमच्या पावसाळी ग्रुपसाठी लिहायला घेतलं होतं, मे महिन्यातल्या मीटिंगआधी सगळ्यांनी वाचून यावं म्हणून, पण लिहिता लिहिता लांबलं आणि वाटलं की नदीकाठी राहणाऱ्या बाकीच्या पुणेकरांनीही वाचावं. आमचा ग्रुप म्हणजे सिंहगड रोडच्या बाजूचे पंचवीस-तीस जण, कोणी नोकरीवाले, कोणी रिटायर्ड, दोन-तीन ट्रेकवाली पोरं. पुराच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावर न्यायचं, औषधं पोचवायची, बोट आली तर तिला वाट दाखवायची, एवढंच आमचं काम. जुलै २०२४ ला काय झालं ते पुढे सांगतो. त्या रात्रीनंतर मी स्वयंसेवकांच्या लाइफबोटींबद्दल मिळेल ते वाचत सुटलो आणि त्यातलं हे एक प्रकरण डोक्यातून जातच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये समुद्रावर अडकलेल्यांना वाचवायचं काम मुख्यतः सरकारी खातं करत नाही, एक धर्मादाय संस्था करते, रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. १८२४ मध्ये सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये सुरू झाली, म्हणजे २०२४ ला तिला २०० वर्षं झाली, आणि एवढ्या काळात १,४४,००० च्या वर जीव वाचवलेत. पैसा बहुतेक देणगीतून येतो आणि बोटीवर जाणारे बहुतेक जण गावातलेच, दुसरं काहीतरी काम करणारे. जुन्या काळी तर मच्छीमार आणि नाववालेच जास्त. आपल्याकडे असं ऐकलं की मला लगेच कोळीवाडे आठवतात. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, ऐन गटारी अमावस्येचा दिवस, आणि जे वाचले त्यातल्या कितीतरी जणांना कोळ्यांच्या होड्यांनी पाण्यातून उचललं. त्या कोळ्यांना कोणी ड्युटी लावलेली नव्हती. ब्रिटनमध्ये याच वृत्तीला एक व्यवस्था मिळाली, गावात बोट ठेवायला शेड, गाडा, दोर, ठरलेला नाखवा, ठरलेली माणसं आणि खर्च उचलणारी संस्था. फरक म्हणाल तर तेवढाच, पण तो फार मोठा आहे.

आता लिनमथ. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन म्हणून भाग आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे छोटं गाव. समोर ब्रिस्टलची खाडी, मागे सरळ उभे डोंगर आणि त्यावर एक्समूर नावाचं उजाड पठार. ईस्ट लिन आणि वेस्ट लिन अशा दोन नद्या डोंगरातून धावत येतात आणि गावातच एकत्र होऊन समुद्राला मिळतात, आपल्या मुळा-मुठेच्या संगमासारखंच, फक्त सगळं अरुंद आणि फार उताराचं. १८६९ पासून गावात लाइफबोट होती. आपल्या गोष्टीतल्या बोटीचं नाव लुइसा, ३४ फूट लांब, इंजिन नाही, वल्ही मारूनच चालवायची. शेडमधून पाण्यापर्यंत न्यायला चाकांचा गाडा. बोट आणि गाडा मिळून वजन साधारण १० टन.

१२ जानेवारी १८९९. वादळ इतकं की लाटा गावातच घुसत होत्या. रात्री आठच्या सुमाराला तार आली की पूर्वेला पोर्लॉक वेअरच्या समोर फॉरेस्ट हॉल नावाचं तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज संकटात आहे. ब्रिस्टलहून लिव्हरपूलला टगच्या (म्हणजे दुसऱ्या जहाजांना ओढून नेणाऱ्या छोट्या जहाजाच्या) मागे बांधून चाललं होतं, दोर तुटला, सुकाणू गेलं, आता नांगरावर कसंबसं उभं आहे आणि किनाऱ्याकडे सरकतंय. जहाजावर १८ जण, त्यातले ५ शिकाऊ पोरं.

बोटीचा नाखवा होता जॅक क्रोकोम्ब. त्याने समुद्राकडे बघितलं आणि त्याला कळलं की लिनमथहून बोट पाण्यात घालणं शक्यच नाही. इथे खरं तर प्रकरण संपायला हरकत नव्हती. उलट तार करायची की जमत नाही, वादळ आहे, आणि कोणी एक शब्दही बोललं नसतं. मी स्वतः तिथे असतो तर तेच केलं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. क्रोकोम्ब म्हणाला बोट रस्त्याने पोर्लॉक वेअरला नेऊ, तिथलं बंदर जरा आडोशाला आहे, तिथून पाण्यात घालू.

रस्त्याने म्हणजे काय ते समजून घ्या. अंतर १३ मैल, म्हणजे साधारण २१ किलोमीटर, स्वारगेटहून सिंहगडाच्या पायथ्याला जाऊ त्याहून थोडंसंच कमी. पण सुरुवातच काउंटिसबरी हिल या चढाने आणि तो काही ठिकाणी चारास एक, चार फूट पुढे गेलं की एक फूट वर. बोरघाटातल्या रेल्वेचा चढ सदतीसास एक आहे आणि त्यालासुद्धा कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात! पुढे पठारावर रस्ता १,४०० फुटांच्या आसपास जातो आणि मग पोर्लॉक हिलचा उतार, तोही तसाच खडा. रस्ता मातीचा, अरुंद, जानेवारीची रात्र, पाऊस, वाऱ्यात कंदील टिकत नाहीत.

गावातून घोडे गोळा केले, १८ होते असं कोणी सांगतं, कोणी २०. माणसं शंभराच्या आसपास निघाली. आणि आता ज्यासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं ती गोष्ट. सगळ्यांच्या आधी सहा जणांना कुदळ-फावडी देऊन पुढे पाठवलं, रस्ता रुंद करायला. बोट शेडमधून निघायच्या आधी रस्त्याची माणसं निघाली होती. बोटीची रुंदी क्रोकोम्बला माहीत होती, रस्त्याची रुंदी माहीत होती, कुठे अडणार हे त्याला अंधारातसुद्धा पाठ होतं, कारण आयुष्य त्याच रस्त्यावर गेलेलं.

चढ कसा चढले याची कल्पना करायला आपल्याला लांब जायला नको. दिवे घाटात ज्ञानोबा माउलींचा रथ चढताना ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. एरवीची बैलजोडी पुरत नाही, जादा जोड्या जुंपतात, माणसं दोन्ही बाजूंनी हात लावतात, आणि रथ एक क्षण जरी थांबला तरी मागचे लोक श्वास धरतात, कारण थांबलेलं ओझं पुन्हा हलवणं म्हणजे शून्यापासून सुरुवात. तिथे उजेड असतो, डांबरी रस्ता असतो आणि मुखात नाव असतं. इथे अंधार, चिखल आणि १० टन.

माथ्यावर पोचतात तोच गाड्याचं एक चाक निसटलं. तिथेच थांबून, बोट तोलून धरून, चाक परत बसवलं. चढासाठी आलेली बरीचशी माणसं इथून गावाकडे परतली, पुढच्या वाटेला वीसेक जण राहिले. यावर वाचताना मला आधी राग आला होता की अर्ध्यात सोडून गेले, पण विचार केल्यावर पटलं, त्यांचं काम चढ होता, तो झाला. ज्यांना सकाळी दुसरी कामं आहेत, लेकरं आहेत, त्यांना एका चढापुरतं बोलवणं आणि मग मोकळं करणं यात काही वाईट नाही. आमच्या ग्रुपमध्ये उलट होतं, लोक येत नाहीत कारण त्यांना वाटतं आलो की रात्रभर अडकलो. तासाभरासाठी सुद्धा या असं आपण स्पष्ट सांगतच नाही.

पठारावर पुढे रस्ता इतका चिंचोळा झाला की गाडा जाईचना. मग त्यांनी बोट गाड्यावरून उतरवली. गाडा एकीकडून माळरानातून फिरवून नेला आणि बोट लाकडी फळ्यांवरून घसरवत ओढली, मागची फळी उचलायची, पळत पुढे जायचं, नाकासमोर टाकायची, परत ओढायची. आपल्या किनाऱ्यावर होड्या ओंडक्यांवरून वर ओढतात तसंच, फक्त ते वाळूत शंभर-दोनशे फूट असतं. अरुंद पट्टा संपला की परत बोट गाड्यावर चढवली. १० टनांच्या हिशोबात हे किती वेळखाऊ असेल विचार करा, आणि तिकडे जहाजावर १८ जण नांगर सरकतोय का बघत बसलेत.

पोर्लॉक हिलच्या उतारावर प्रश्न उलटा झाला. आता ओढायचं नाही, अडवायचं. घोडे आणि माणसं दोर, साखळ्या मागून ताणून धरत होती, सुटली असती तर खाली सगळ्यांचा चुराडा. खाली पोर्लॉक गावात एका घराच्या बागेची भिंत आडवी आली तर ती पाडली. घरातली म्हातारी बाई आवाजाने जागी होऊन बाहेर आली, आधी चिडली, पण काय चाललंय हे कळल्यावर तीच मदतीला लागली असं सांगतात. पुढे किनाऱ्यालगतचा खालचा रस्ता समुद्राने खाल्लेला, म्हणून वरच्या रस्त्याने जावं लागलं आणि तिथे एक झाड आडवं, ते तोडलं.

सकाळी साडेसहाला बोट पोर्लॉक वेअरला पोचली. म्हणजे दहा-साडेदहा तास. भिजलेली, उपाशी, रात्रभर न झोपलेली माणसं, आणि त्यांनी बोट लगेच पाण्यात घातली आणि तासाहून जास्त वेळ वल्ही मारत जहाजापर्यंत गेली. फॉरेस्ट हॉल अजून नांगरावर होतं. टग परत आला तेव्हा त्याचा दोर जहाजापर्यंत नेण्याचं काम लाइफबोटीने केलं, आणि जहाजावरची माणसं इतकी थकलेली होती की नांगर उचलायला बोटीतली माणसं वर चढली. जहाज खाडीपलीकडे वेल्समधल्या बॅरीला ओढून नेलं, लुइसाही सोबत गेली. अठराच्या अठरा वाचले. बोटीवरचं कोणीही गेलं नाही. चार घोडे मात्र मेले. त्या घोड्यांचा उल्लेख लोक एका ओळीत उरकतात, मला ते बरोबर वाटत नाही. ती बोट त्यांनी ओढली होती.

यावर मला आमच्यातल्याच एकाने विचारलं, "काका, पण शेवटी टगनेच ओढलं ना? मग एवढ्या मेहनतीचा काय उपयोग?" प्रश्न वाजवी आहे. माझं म्हणणं असं की टग येईल हे रात्री आठला कोणाला माहीत होतं? नांगर सुटला असता तर त्या १८ जणांच्या जवळ पोचू शकणारी त्या सकाळी ती एकच बोट होती. आणि टग आल्यावरसुद्धा दोर बांधायला, नांगर काढायला ताजे म्हणता येणार नाहीत पण हात तरी लागणारच होते. बचावकामात आपण पोचेपर्यंत काय उरेल हे कळत नसतं. पोचणं एवढंच आपल्या हातात असतं.

या प्रकरणात शौर्य आहेच, पण शौर्याच्या गोष्टी वाचून आम्ही काय करणार. मला यातून जे दिसलं ते साधं आहे. साडेदहा तास रस्त्यावर गेले आणि त्यानंतरचा तासभर वल्ही मारण्यात. ज्याला आपण रेस्क्यू म्हणतो त्यातला बहुतेक वेळ पाण्याच्या बाहेर जातो, भिंत कोणाची, चाक कोण बसवणार, झाड कोण तोडणार, घोडे कोणाचे, यात जातो. आणि ती सगळी कामं अशा माणसांनी केली ज्यांना वल्हं हातात धरायचं नव्हतं.

आता आमचं. २४ जुलै २०२४ ची रात्र आणि २५ ची पहाट. घाटमाथ्यावर आणि शहरात बेसुमार पाऊस, खडकवासल्यातून विसर्ग वाढवत नेलेला, आणि पहाटे एकतानगरीच्या बाजूच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. पुढे लष्करालासुद्धा बोलवावं लागलं हे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. आमच्या बाजूच्या एका गल्लीत तळमजल्यावर दोन घरांत म्हातारी माणसं होती, त्यातल्या एक आजी बिछान्याला खिळलेल्या. ओळखीतल्या काही जणांकडे रबरी बोट होती, ते पिकअपमध्ये टाकून निघाले, आणि खरंच लवकर पोचले. पण गल्लीच्या तोंडाशी अडकले. दोन्ही बाजूंनी चारचाक्या लावलेल्या, त्यात दुचाक्या आडव्या पडलेल्या, पिकअप वळेना. पाण्याची कड तिथून अजून बरीच आत. आम्ही गाड्यांचे मालक शोधत पावसात बेल वाजवत हिंडलो, अर्ध्यांचे फोन लागेनात. शेवटी बोट खाली काढून आठ जणांनी डोक्यावर धरून नेली, तर पुढे मधल्या रस्त्याच्या गेटला कुलूप, किल्ली कोणाकडे माहीत नाही. ते कुलूप फोडायचं की नाही यावर आम्ही जी चर्चा केली ती आठवली की आजही अंगावर काटा येतो. कुलूप फोडलं. आजींना बाहेर काढलं, त्या ठीक आहेत. पण पिकअप कोपऱ्यावर आल्यापासून बोट पाण्यात पडेपर्यंत पन्नास मिनिटं गेली, मी घड्याळ बघत होतो. बोट होती, चालवणारे होते, लाइफ जॅकेट होती. कुदळ घेऊन पुढे गेलेले सहा जण नव्हते.

लिनमथची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, ती आपल्या जास्त जवळची आहे. १९४४ मध्ये तिथलं लाइफबोटीचं केंद्र बंद झालं. आणि १५ ऑगस्ट १९५२ च्या रात्री त्या गावावर संकट आलं ते समुद्राकडून आलंच नाही, मागून आलं. एक्समूरचं पठार आधीच पावसाने भिजून गच्च झालेलं, त्यात २४ तासांत ९ इंच, म्हणजे साधारण २२९ मिलिमीटर पाऊस, आणि दोन्ही लिन नद्या झाडं आणि मोठमोठे धोंडे घेऊन गावात आल्या. ३४ माणसं गेली, शंभराच्या वर इमारती गेल्या किंवा मोडल्या, पूल वाहून गेले. जागा मिळावी म्हणून वेस्ट लिनचं पात्र पूर्वी बंदिस्त करून वळवलेलं होतं, त्या रात्री नदी तिच्या जुन्या वाटेने परत आली. लाइफबोटीची शेडही त्या पुरात गेली, आता तिथे पुराचं स्मारक म्हणून बांधलेला हॉल आहे. समुद्रासाठी शंभर माणसं आणि वीस घोडे रात्रीत उभे करणारं गाव, त्याची नजर मागच्या नदीवर नव्हती.

हे वाचल्यावर पुणेकराला १२ जुलै १९६१ आठवणार नाही असं होईल का? सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांची काय दशा झाली ते आमच्या घरात आजी शेवटपर्यंत सांगायची. नारायण पेठेतला त्यांचा वाडा, त्या फक्त देवातली अन्नपूर्णा आणि धाकट्या आत्याला घेऊन निघाल्या. आजी नेहमी सांगायची की पाण्यापेक्षा जास्त भीती बोळात वाटली, कारण सगळे एकाच बोळातून पळत होते आणि पुढे कोणीतरी हातगाडी सोडून गेलेलं, ती हलवायला कोणी थांबेना. लहानपणी हे मला गोष्टीतलं फालतू तपशीलासारखं वाटायचं. आता तीच हातगाडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

जानेवारी १९९९ मध्ये, शंभर वर्षं झाली म्हणून, लिनमथकरांनी एक लाइफबोट त्याच वाटेने परत ओढत नेली. आता रस्ते चांगले आहेत, तरी ओढणाऱ्यांना मूळ रात्रीचा अंदाज आला असणारच. मला ही कल्पना फार आवडली. पुतळा उभा करण्यापेक्षा तेच काम हाताने एकदा करून बघणं.

तर आम्ही मागच्या मे महिन्यात तीन रविवार हेच केलं. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, सहा-सहा जणांच्या दोन तुकड्या, हातात मोजपट्टी आणि वही. नदीपासून मुख्य रस्त्यापर्यंतची प्रत्येक गल्ली चालत जायची, सगळ्यात अरुंद जागा मोजायची, रबरी बोट फुगवलेली असताना जाते का, पिकअप कुठवर येतो, कोणतं गेट रात्री बंद असतं आणि किल्ली कोणाकडे. अकरा गल्ल्या झाल्या, त्यातल्या चारांत फुगवलेली बोट आडवी जातच नाही, कडेवर उभी धरून न्यावी लागते, हे आम्हाला पुराच्या रात्री कळलं असतं तर? दोन सोसायट्यांनी सुरुवातीला किल्ली द्यायला नाही म्हटलं, सिक्युरिटीचं कारण सांगितलं, ते त्यांच्या जागी बरोबरही आहे. मग ठरलं की जादा किल्ली त्यांच्याच वॉचमनकडे पण पाकिटात सीलबंद, वर आमच्या दोन जणांचे नंबर. रेड अलर्टच्या रात्री चारचाकी कोपऱ्यापासून वीस पावलं लांब लावायच्या यावर मात्र अजून एकमत नाही, भांडणं चालू आहेत, आणि मी ती सोडणार नाहीये.

एका ठिकाणी मागच्या बाजूने नदीकडे जायला एकच आडकाठी आहे, एका बैठ्या घराच्या आवाराची कंबरेएवढी विटांची भिंत. ती पाडली तर बोट थेट चाळीस घरांच्या मागे पोचते, नाहीतर पूर्ण वळसा. घरात एक आजी एकट्या राहतात. त्यांना विचारायला मीच गेलो, कसं विचारायचं याची घरून तयारी करून गेलो होतो, पोर्लॉकच्या बाईची गोष्टही सांगितली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, चहा टाकला, आणि मग मला बाहेर घेऊन जाऊन भिंतीचा एक भाग दाखवला.

"इथून पाडा, इकडे वीट कच्ची आहे, पटकन येईल," त्या म्हणाल्या. "फक्त तुळस आधी आत आणून ठेवा. आणि मला हाक मारा, मी जागीच असते पावसात."

वहीत त्या गल्लीपुढे आता लिहिलंय: पहार एक, माणसं चार, आधी तुळस.